भिंतीवरचा डाग ते डीएनए सेन्सर: घरातली हवा मोजण्याची गोष्ट

आजचा विषय पावसाळा ज्यांच्या घरात शिरतो त्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. बुरशी. जुलै-ऑगस्टमध्ये कपाट उघडल्यावर येणारा कुबट वास, चामड्याच्या चपलेवर धरलेला बुरा, भिंतीची ओल, सुटलेले पोपडे आणि कोपऱ्यात उमटलेले काळे ठिपके. आपण ते पुसतो, वरून रंगाचा हात मारतो आणि पुढच्या पावसात तेच ठिपके त्याच जागी परत येतात.

पण डोळ्यांना दिसते ती बुरशीची वस्ती. छातीत जातात ते तिचे बीजाणू, आणि ते दिसत नाहीत. यातले बरेचसे इतके लहान की आपल्या केसाच्या जाडीत वीसेक सहज मावतील. हे बीजाणू हवेतून पकडायचे, त्यांच्या डीएनएवरून ते कोणाचे हे ओळखायचं आणि घरबसल्या सांगायचं, असे सेन्सर बनवण्याची खटपट सध्या चालू आहे. आज मला सांगायचंय ते इथपर्यंत माणूस कसा पोचला ते.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून ठेवतो. या इतिहासात प्रत्येक नवं यंत्र 'कोणती बुरशी आणि किती' याचं उत्तर आधीच्यापेक्षा चांगलं देत गेलं. पण घरात राहणाऱ्याचा प्रश्न तो नसतोच. त्याला विचारायचं असतं, 'पोराचा खोकला या घरामुळे आहे का? आणि असेल तर दुरुस्ती कोण करणार?' हे दोन प्रश्न वेगळे आहेत. ते एकच समजले की काय होतं, तेही पाहू.

सर्वांत जुना दाखला धर्मग्रंथातला आहे. हिब्रू बायबलच्या लेवीय या भागात घराच्या भिंतीला लागणाऱ्या 'रोगा'चे नियम आहेत. भिंतीवर हिरवट किंवा तांबूस चट्टे दिसले की घरमालकाने पुरोहिताला कळवायचं. पुरोहित यायच्या आधी घर रिकामं करायचं. तो पाहणी करणार, घर सात दिवस बंद ठेवणार आणि मग परत बघणार. चट्टे पसरले असतील तर तेवढे दगड उपटून गावाबाहेर टाकायचे, भिंत खरवडायची, नवा गिलावा करायचा. तरीही चट्टे परत आले तर घर पाडायचं. हे वर्णन बुरशीचंच असावं असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं. धर्माचा भाग क्षणभर बाजूला ठेवा आणि पद्धत बघा. पाहणी, ठरावीक दिवसांनी फेरपाहणी, आणि उपाय म्हणजे खराब झालेला मालच काढून टाकणं. रंग मारणं नव्हे! बुरशीची जात कोणती, हे त्यात कुणी विचारलेलं नाही.

जात विचारायला सुरुवात झाली ती १७२९ साली, इटलीतल्या फ्लॉरेन्समध्ये. पिएर अँतोनियो मिकेली हा तिथला वनस्पतिशास्त्रज्ञ. त्याने बुरशीवरची भुकटी घेऊन खरबुजाच्या कापांवर ठेवली आणि तीच बुरशी उगवते हे दाखवलं. म्हणजे ती भुकटी हे बुरशीचं बी. गंमत अशी की ज्या कापांवर त्याने काहीच ठेवलं नव्हतं, त्यांच्यावरही कधीकधी बुरशी आली. त्यावरून त्याने ताडलं की हे बी हवेतूनही येत असणार. हवेतल्या बीजाणूंचा पहिला सेन्सर कोणता, असं मला कुणी विचारलं तर मी सांगेन, खरबुजाची फोड. ॲस्परजिलस हे नावही मिकेलीनेच दिलं. चर्चमध्ये तीर्थ शिंपडायचं जे साधन असतं, त्याच्यासारखा या बुरशीचा आकार त्याला दिसला.

पुढे १८६० च्या सुमारास लुई पाश्चरने हवा कापसातून ओढून घेतली. हा साधा कापूस नव्हता, गन-कॉटन होता. तो अल्कोहोल आणि ईथरच्या मिश्रणात विरघळतो. कापूस विरघळला की खाली उरते ती हवेतली धूळ, आणि ती सूक्ष्मदर्शकाखाली धरता येते. त्यात त्याला बीजाणू दिसले. मग त्याने उकळलेल्या द्रवाच्या बंद कुप्या वेगवेगळ्या उंचीवर नेऊन उघडल्या. जुरा पर्वताच्या पायथ्याशी २० पैकी ८ नासल्या, वर डोंगरावर ५ नासल्या आणि आल्प्समधल्या हिमनदीवर फक्त १. हवा सगळीकडे सारखी नसते, ही गोष्ट इथे पहिल्यांदा आकड्यांत आली.

याच काळात आपल्याकडेही एक मोठं काम झालं, आणि त्याची आठवण फारशी कुणी काढत नाही. डेव्हिड डग्लस कनिंगहॅम हा ब्रिटिश सरकारी डॉक्टर कलकत्त्यात होता. कॉलरा हवेतून पसरतो, असं तेव्हा अनेकांना वाटायचं. कनिंगहॅमने ठरवलं, हवेत नेमकं काय आहे ते बघूच. वाऱ्याच्या दिशेने तोंड फिरवणारं नरसाळं आणि त्यामागे चिकट काचपट्टी, असं साधन घेऊन त्याने कलकत्त्याच्या तुरुंगांमध्ये हवेचे नमुने घेतले. तुरुंगच का? कारण तिथे कोण कधी आजारी पडलं याची रोजची नोंद असते. १८७३ साली त्याचा अहवाल छापून आला. काचपट्ट्यांवर बीजाणू भरपूर होते, त्यांची सुंदर चित्रंही त्याने दिली. पण बीजाणूंचा चढउतार आणि कैद्यांची कॉलरा-हगवणीची आजारपणं यांचा मेळ काही बसला नाही. त्याने तसं सरळ लिहिलं. मला हा माणूस फार आवडतो. मोजता आलं म्हणून त्याचा आजाराशी संबंध आहेच, असं त्याने ठरवून टाकलं नाही. पुढे सव्वाशे वर्षांनी हाच धडा दुसऱ्यांना जड गेला.

त्याच १८७३ मध्ये मँचेस्टरच्या चार्ल्स ब्लॅकली या डॉक्टरचं परागज्वरावरचं पुस्तक आलं. तो स्वतःच त्या त्रासाने बेजार होता आणि स्वतःवरच प्रयोग करायचा. त्याने बुरशीचे बीजाणूही हुंगून पाहिले. घसा बसला, छाती भरली. बीजाणूंनी दम लागू शकतो याची ही अगदी सुरुवातीची नोंद. मात्र लोकांच्या लक्षात राहिला तो परागकणांचा भाग.

आता एक उलटी गोष्ट सांगतो. एकोणिसाव्या शतकात युरोपात हिरव्यागार वॉलपेपरची फॅशन होती आणि त्या हिरव्या रंगात आर्सेनिक, म्हणजे सोमल असायचा. ओलसर खोल्यांमध्ये लसणासारखा वास यायचा, माणसं आजारी पडायची. १८९० च्या दशकात बार्तोलोमेओ गोझिओ या इटालियन डॉक्टरने दाखवलं की कागदामागच्या खळीवर वाढणारी बुरशी त्या सोमलाचा वायू करते. हा वायू म्हणजे ट्रायमिथाइलआर्सिन, हे लीड्सच्या फ्रेडरिक चॅलेंजरने १९३० च्या दशकात शोधलं. तो वायू खरोखर किती घातक होता यावर पुढे शंका घेतल्या गेल्या. पण गोझिओची युक्ती बघा. त्याने बुरशीलाच सेन्सर केलं! संशयित नमुना बुरशीला खायला घालायचा, लसणाचा वास आला की समजायचं, आत सोमल आहे.

विसाव्या शतकात यंत्रं आली. १९५२ साली इंग्लंडच्या रॉथमस्टेड संशोधन केंद्रात जे. एम. हर्स्ट यांनी आपोआप चालणारा बीजाणू-सापळा बनवला. तो मिनिटाला १० लिटर हवा एका अरुंद फटीतून ओढतो आणि मागे चिकट काचपट्टी तासाला २ मिलिमीटर सरकत राहते. म्हणजे कुठल्या तासाला हवेत काय होतं, हे पट्टीवर लिहून राहतं. हा सापळा पिकांच्या रोगांसाठी होता. सहा वर्षांनी, १९५८ मध्ये, अमेरिकेत अँडरसन सँप्लर आला. तो अमेरिकी लष्कराच्या डगवे इथल्या केंद्रातला. एकाखाली एक सहा चाळण्या, प्रत्येकीला ४०० भोकं, प्रत्येकीखाली जंतू वाढवायची बशी. मोठे कण वर अडकतात, बारीक खाली पोचतात, जसं आपल्या नाकापासून फुफ्फुसापर्यंत होतं तसंच.

महाराष्ट्राचंही नाव या यादीत आहे. तेव्हाच्या औरंगाबादला, मराठवाडा विद्यापीठात, प्रा. एस. टी. टिळक यांनी १९७० मध्ये सहकाऱ्यासह हवा-सँप्लर तयार केला. तो 'टिळक एअर सँप्लर' म्हणूनच ओळखला जातो. हर्स्टच्या सापळ्याचंच तत्त्व, पण काचपट्टीऐवजी फिरत्या ड्रमवर पारदर्शक चिकटपट्टी. एकदा लावला की आठ दिवस चालतो. देशातल्या कितीतरी वनस्पतिशास्त्र विभागांमधली हवेची मोजणी याच यंत्रावर झाली. अजिंठा-वेरूळच्या लेण्यांमधल्या बीजाणूंचाही अभ्यास टिळकांनी केला. म्हणजे बुरशीने तिथे माणसाच्या छातीआधी भिंतीवरच्या चित्रांना धोका होता.

पण या सगळ्या पद्धतींना दोन मोठ्या अडचणी होत्या. सूक्ष्मदर्शकाखाली ॲस्परजिलस आणि पेनिसिलियमचे बीजाणू जवळजवळ सारखे दिसतात, बारीक गोळे. त्यामुळे अहवालात ते एकाच रकान्यात मोजतात. यातला एक फुफ्फुसात घर करू शकतो आणि दुसरा बहुधा निरुपद्रवी, पण रकाना एकच! दुसरी पद्धत म्हणजे बशीत वाढवून बघणं. तिला दिवसच्या दिवस लागतात, आणि जो बीजाणू मेलाय किंवा ज्याला ते खाद्य रुचत नाही तो उगवतच नाही. स्टॅकिबॉट्रिस ही काळी बुरशी भिजलेल्या कागदावर, जिप्सम बोर्डच्या पुठ्ठ्यावर छान वाढते, पण नेहमीच्या बशीत दुसऱ्या बुरशा तिच्या पुढे निघून जातात.

इथे डीएनए आला. १९८३ मध्ये कॅरी म्युलिसला पीसीआरची कल्पना सुचली. हव्या त्या डीएनएच्या तुकड्याच्या कोट्यवधी प्रती काढायच्या. कोरोनामुळे हा शब्द आता घराघरात माहीत आहे. १९९० मध्ये टॉम व्हाइट आणि सहकाऱ्यांनी बुरशीच्या डीएनएमधला आयटीएस नावाचा भाग वाचण्यासाठी प्रायमर दिले. हा भाग जातीगणिक बदलतो, जणू आडनावच. २०१२ मध्ये बुरशी ओळखायची अधिकृत खूण म्हणून तो सुचवला गेला.

आणि बरोबर याच दशकात अमेरिकेतल्या क्लीव्हलँडमध्ये एक दुःखद प्रकरण घडलं. १९९३-९४ मध्ये तिथल्या दहा तान्ह्या बाळांच्या फुफ्फुसांत रक्तस्राव झाला. त्यांच्या घरांत पाणी शिरलेलं होतं आणि स्टॅकिबॉट्रिस सापडली. संशय तिच्यावर गेला, वर्तमानपत्रांनी तिला 'विषारी काळी बुरशी' केलं. २००० साली अमेरिकेच्या सीडीसीने आपलाच अभ्यास परत तपासला आणि जाहीर केलं की हा संबंध सिद्ध झालेला नाही. कनिंगहॅमचा धडा हाच होता. पण नीट लक्षात घ्या, सिद्ध झालं नाही म्हणजे ती ओली घरं चांगली होती असं नव्हे.

त्याच ओहायो राज्यात, सिनसिनाटीला, अमेरिकी पर्यावरण संस्थेची, म्हणजे ईपीएची प्रयोगशाळा आहे. तिथल्या रिचर्ड हॉगलँड आणि स्टीफन व्हेस्पर यांनी १९९० च्या दशकाच्या शेवटी स्टॅकिबॉट्रिस मोजणारी पीसीआर चाचणी बनवली. मग ती ३६ जातींपर्यंत वाढवली. २६ जाती पाणी मुरलेल्या घरात जास्त सापडणाऱ्या, १० कुठेही सापडणाऱ्या. अमेरिकेतल्या १,०९६ घरांची धूळ तपासून त्यांनी 'एर्मी' नावाचा निर्देशांक तयार केला. हवा न घेता धूळ घेतली, हे हुशारीचं होतं. पाच मिनिटांची हवा म्हणजे आजचा गल्ला, धूळ म्हणजे वर्षाची खातेवही.

पण पुढे काय झालं? हे साधन संशोधनासाठी होतं. बाजारात मात्र लोक त्या आकड्यावरून घर घ्यायचं की सोडायचं ते ठरवू लागले. २०१३ मध्ये ईपीएच्याच अंतर्गत तपासनिसांनी अहवाल काढून याबद्दल इशारा दिला.

धुळीनंतर पुढची पायरी म्हणजे यंत्रानेच हवा घ्यायची आणि यंत्रानेच उत्तर द्यायचं. ते पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर झालं बुरशीसाठी नव्हे, तर अँथ्रॅक्ससाठी. २००१ मध्ये अमेरिकेत टपालातून अँथ्रॅक्सची भुकटी पाठवली गेली, पाच जण गेले. त्यानंतर टपाल छाननी केंद्रांमध्ये अशी यंत्रं बसवली, जी पत्रांवरची हवा ओढतात आणि आतल्या आत पीसीआर करून जंतूचा डीएनए शोधतात. म्हणजे गोष्ट शक्य आहे. फक्त ती फ्रिजएवढी आणि महाग न राहता घरात मावली पाहिजे.

आज जे सेन्सर घडवले जाताहेत त्यांची चार कामं समजून घ्या. एक, विरळ हवेतून पुरेसे बीजाणू गोळा करणं. दोन, ते फोडणं. बीजाणूचं कवच चिवट असतं, म्हणून प्रयोगशाळेत बारीक काचमण्यांबरोबर तो जोरात हलवावा लागतो. काळ्या बीजाणूंमधलं मेलॅनिन तर पीसीआरलाच अडवतं. तीन, डीएनए ओळखणं. त्यासाठी एकाच तापमानाला, साधारण ६० ते ६५ अंशांना चालणारी लँप ही पद्धत २००० पासून आहे. तापवणं-थंड करणं नको, म्हणून यंत्र लहान होतं. दुसरा मार्ग असा की सोन्याच्या बारीक पट्टीवर डीएनएचा एकेरी धागा बांधून ठेवायचा. त्याचा जोडीदार धागा येऊन चिकटला की विजेचा संकेत बदलतो. चार, तो संकेत माणसाला कळेल असा दाखवणं.

आणखी एक प्रकार आहे, ॲप्टामर. प्रयोगशाळेत निवडून काढलेला डीएनएचा लहान धागा, जो घडी घालून एखाद्या रेणूला पकडतो. १९९० ची ही कल्पना. २००८ मध्ये ऑक्रॅटॉक्सिन या बुरशीच्या विषाला पकडणारा ॲप्टामर आला, तो मुख्यतः धान्य तपासण्यासाठी. इथे डीएनए बुरशीचा नाही, आपला आहे, आणि तो जात विचारत नाही. विष आहे का, तेवढंच विचारतो.

मग अडलंय कुठे? एक तर डीएनएला मेलेलं आणि जिवंत यातला फरक कळत नाही. साफसफाई झाल्यावरही मेलेल्या बीजाणूंचा डीएनए सापडत राहतो. तसे मेलेले बीजाणूही ॲलर्जी देऊ शकतात, म्हणून ही पूर्ण चूकही नाही. दुसरं म्हणजे, आकडा आला तरी तो जास्त की कमी हे कशावरून ठरवायचं? जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये ओल आणि बुरशीबद्दल मार्गदर्शक तत्त्वं दिली. त्यात बीजाणूंची सुरक्षित मर्यादा दिलेली नाही, कारण तशी ठरवता येईल इतका पुरावा नव्हता. पण घरात ओल असली की खोकला, दमा, घरघर वाढते, याला पुरावा भरपूर आहे. म्हणून सल्ला सोपा: ओल थांबवा, बुरशी काढा.

आता मुद्द्यावर येतो. २०२० च्या डिसेंबरमध्ये इंग्लंडच्या रॉचडेल शहरात दोन वर्षांचा एक मुलगा गेला. सामाजिक गृहनिर्माणातल्या भाड्याच्या घरात भिंतींवर बुरशी होती. बापाने २०१७ पासून तक्रार केली होती, त्याला वरून रंग मारा असं सांगण्यात आलं. २०२२ मध्ये मृत्यूची चौकशी करणाऱ्या न्यायाधिकाऱ्याने सांगितलं की श्वसनाचा तो आजार घरातल्या बुरशीच्या दीर्घ सहवासाने झाला. त्या मुलाच्या नावाने, अवाब्स लॉ म्हणून, कायदा झाला आणि ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला. घरमालक संस्थेला आता ओल-बुरशीची तक्रार ठरावीक दिवसांत तपासावी लागते. तक्रारदाराने आधी प्रयोगशाळेचा अहवाल आणावा, अशी अट नाही.

त्या घरात सेन्सरची गरज नव्हती. भिंत काळी होती. गरज होती ती बापाचं म्हणणं ऐकून घेण्याची.

म्हणून मला या सेन्सरची आशाही आहे आणि थोडी धास्तीही. आशा कुठे? जिथे डोळे पोचत नाहीत तिथे. खोट्या छताच्या वर, एसीच्या डक्टमध्ये. आणि मुख्य म्हणजे रुग्णालयात. ल्युकेमियाच्या किंवा बोन मॅरो बदललेल्या रुग्णाला ॲस्परजिलस फ्युमिगॅटसचे मोजके बीजाणूही जिवावर बेतू शकतात. शेजारच्या इमारतीत तोडफोड चालू असेल तर हवेत ते वाढतात, आणि बशीतलं उत्तर यायला दिवस जातात. तिथे तासाभरात जात सांगणारं यंत्र माणूस वाचवू शकेल. ही बुरशी आझोल गटाच्या औषधाला दाद देणार का, हेही तिच्या जीनमधल्या बदलावरून कळू शकतं. हे काम डीएनएशिवाय होणारच नाही.

आणि धास्ती अशी, की उद्या भाडेकरूने ओल दाखवली तर त्याला सांगितलं जाईल, 'सेन्सर तर हिरवा दिवा दाखवतोय.' आपल्याकडे चाळीत, जुन्या इमारतीत, झोपडपट्टी पुनर्वसनाच्या बारक्या खोल्यांत भिंतींना ओल आहे, हे बघायला यंत्र लागत नाही. तिथे यंत्र आणायचं तर ते रहिवाशाच्या बाजूने बोलणारा साक्षीदार म्हणून आणावं. त्याची तक्रार थांबवणारा पहारेकरी म्हणून नको.

तेव्हा घरात ओल असेल, तर कुठली बुरशी आहे या चौकशीत महिना घालवू नका. पाणी कुठून येतंय ते शोधा, गळती बंद करा, पोपडे खरवडून काढा आणि मगच रंगाचा डबा उघडा. ज्याच्या घराची दुरुस्ती दुसऱ्याच्या हातात आहे त्याने तारीख टाकून फोटो काढावेत आणि तक्रार लेखी द्यावी. आज तरी सर्वांत स्वस्त सेन्सर तोच आहे.

आजच्या भागात एवढंच. तुमच्या घरी ओलीवर कुठले जुने उपाय चालायचे ते जरूर कळवा. पुढच्या भागात भेटू. नमस्कार.